परिपत्रकातून सुटलेली जीभ : पाळक व वडीलमंडळींना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, वडीलमंडळी आणि कार्यकारिणीचे सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

‘सभासदांनी आपल्या बोलण्यातून देवाचे गौरव करावे’ या विषयावरचे आपले परिपत्रक उपासनेनंतर वाचून दाखवण्यात आले. त्यात तीन नियम आहेत. भेटताना आणि फोनवर ‘प्रभूची स्तुती असो’ असेच म्हणावे. मंडळीच्या आवारात कोणी अपशब्द वापरू नयेत. मंडळीच्या मोबाइल ग्रुपवर फक्त वचने आणि प्रार्थनेचे विषय टाकावेत. विषय अगदी योग्य निवडला आहे, म्हणूनच हे नियम ऐकून गप्प बसवत नाही. जिभेच्या ज्या पापांबद्दल पवित्र शास्त्र पानोपानी बोलते, ती जवळजवळ सगळी या परिपत्रकातून सुटली आहेत. उलट तिसऱ्या नियमाने त्यांतल्या सर्वांत मोठ्या पापाला, म्हणजे चहाडीला, मागच्या दाराने परवानगी मिळाली आहे.

आम्ही रविवारच्या शाळेत शिकवतो, घर-प्रार्थना चालवतो, आजाऱ्यांच्या भेटीला जातो. प्रार्थनेचे विषय आधी आमच्या हाती येतात आणि त्या विषयांतून उठलेली भांडणेही आमच्याच दारात येतात. मुलांना आज्ञा पाठ करून घेतो तेही आम्हीच. त्यामुळे या निर्णयाचे परिणाम निस्तरणे आमच्याकडे येणार आहे. परिपत्रक सगळ्यांसमोर वाचले गेले, म्हणून उत्तरही उघड देत आहोत. शिवाय या सवयी एकाच मंडळीच्या नाहीत. दुसऱ्या कोणाला आपल्याविषयीच लिहिले आहे असे वाटले, तर त्यांनीही हे पत्र आपलेच समजावे.

सक्तीच्या अभिवादनापासून सुरुवात करतो. ‘तुझा देव परमेश्वर याचे नाव व्यर्थ घेऊ नको’ ही आज्ञा (आपल्या गणनेत तिसरी, लूथरन आणि कॅथोलिक गणनेत दुसरी) शिव्याशाप देणाऱ्यांपुरती नाही. मनात काहीच नसताना तोंडाने नाव घेणे हेही व्यर्थच. सक्तीचे वाक्य थोड्याच दिवसांत सवयीचे होते. मग ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणायचे आणि त्याच श्वासात समोरच्याला झापायचे, यात कोणालाच विसंगती वाटत नाही. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोबाने नेमकी हीच गोष्ट पकडली आहे : ज्या जिभेने आपण पित्याचा धन्यवाद करतो, तिनेच त्याच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप देतो (याकोब ३:९). दुसरा धोका असा की, हे वाक्य विश्वास मोजायची पट्टी बनते. जो म्हणत नाही तो कच्चा. पवित्र शास्त्रातल्या शास्ते या पुस्तकात एका शब्दाच्या उच्चारावरून आपला कोण आणि परका कोण हे ठरवले गेले आणि बेचाळीस हजार एफ्राइमी मारले गेले. आपल्याकडे कोणी तलवार काढणार नाही हे खरे, पण नव्याने येऊ लागलेला माणूस पुढच्या रविवारी येत नाही, एवढे नक्की.

देवाच्या नावाचा खरा दुरुपयोग श्रद्धाळू माणसेच अधिक करतात, असे आम्हाला स्पष्ट म्हणायचे आहे. ठेच लागल्यावर तोंडून निघालेल्या ‘अरे देवा’ने जे बिघडत नाही ते ‘प्रभूने मला सांगितले’ने बिघडते. कार्यकारिणीच्या बैठकीत एखादा सभासद म्हणतो, ‘या जागेचा निर्णय प्रभूने माझ्या मनात घातला आहे.’ चर्चा तिथेच संपते, कारण त्याला विरोध म्हणजे देवाला विरोध. हिशेब कोणी विचारत नाही, दुसरा पर्याय कोणी मांडत नाही. लग्नाच्या मागणीत हे वाक्य वापरले गेले तर मुलीला नकार देण्याचीही सोय उरत नाही. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात, स्वतःच्याच जिभेने बोलून ‘हे देवाचे वचन’ म्हणणाऱ्या संदेष्ट्यांविरुद्ध परमेश्वर उभा राहतो. प्रेषित पौल तर संदेश देणाऱ्यांचे बोलणे इतरांनी पारखून घ्यावे असे सांगतो (१ करिंथ १४:२९). ‘मी प्रार्थना केली, विचार केला, आणि माझे मत असे झाले आहे’ हे वाक्य प्रामाणिक आहे. त्यावर दुसऱ्याला बोलता येते.

याच जातीची दोन लहान वाक्ये आहेत. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करीन’ हे निरोप घेताना सहज म्हटले जाते आणि वळणावर विसरले जाते. हे दिलेले वचन आहे. उपाय सोपा आहे : तिथेच उभ्याउभ्या अर्धा मिनिट प्रार्थना करावी किंवा नाव वहीत लिहून घ्यावे. दोन्ही जमणार नसेल, तर म्हणू नये. दुसरे, ‘देवाची इच्छा असेल तर येईन.’ याकोबाने हे वाक्य आपल्या योजनांचा गर्व उतरावा म्हणून शिकवले (४:१५). आपण ते जायचे नसते तेव्हा वापरतो. ‘तुमचे बोलणे, होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे’ या प्रभूच्या आज्ञेत सभ्य नकारासाठी पुरेशी जागा आहे : ‘नाही, मला जमणार नाही.’ देवाचे नाव मधे आणायचे कारण नाही.

आता प्रार्थनेचे विषय. ग्रुपवर काय यावे हे परिपत्रकाने ठरवले, कसे यावे हे नाही. त्यामुळे जे तोंडी सांगताना माणूस चारदा विचार करील, ते ‘प्रार्थनेचा विषय’ असे वर लिहून बिनदिक्कत सगळ्या मंडळीला पाठवले जाते. कोणाच्या घरात नवराबायकोचे बिनसले, कोणाचा मुलगा व्यसनात अडकला, कोणाची नोकरी कशामुळे गेली, कोणत्या मुलीचे लग्न का मोडले. शेवटी ‘कृपया प्रार्थना करा’ लिहिले की ते चहाडी राहत नाही, अशी समजूत झाली आहे. लेवीय १९:१६ मध्ये लोकांत चहाड्या करीत फिरण्याची मनाई आहे. तिथे ‘प्रार्थनेसाठी असेल तर चालेल’ अशी सवलत आम्हाला सापडली नाही. आणि बातमी खरी असल्यानेही सुटका होत नाही. खोटा आरोप वेगळा आणि कारण नसताना दुसऱ्याची खरी उणीव उघड करणे वेगळे, पण दोन्ही पापच, असे कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ (१९९२) स्पष्ट सांगतो. आपण कॅथोलिक नसलो तरी हा भेद आपल्यालाही मान्य व्हावा. नीतिसूत्रे ११:१३ हेच सांगते : लावालावी करणारा गुप्त गोष्टी उघड करतो, विश्वासू मनाचा माणूस त्या झाकून ठेवतो.

प्रार्थनेचा विषय पुढे देण्यापूर्वी आम्ही चार गोष्टी पाहतो, त्या इथे मांडतो.

सर्वांत आधी संमती. ज्याचा विषय आहे त्याला विचारले का? बायकोने नवऱ्याचा विषय दिला असेल, तर नवऱ्याला विचारले का? लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती पुरते, पण वाढत्या वयाच्या मुलामुलींना स्वतःला विचारावे. रविवारच्या शाळेतून मुले दूर जाण्यामागे, आपली लाज सगळ्या मंडळीसमोर मांडली गेली, हे एक कारण असते.

मग मजकूर. गरज सांगावी, कारण सांगू नये. ‘अमुक बहिणीची शस्त्रक्रिया आहे’ एवढे पुरे. कोणता अवयव, कशामुळे, खर्चाचे काय, हे देवाला ठाऊक आहे. ‘एका कुटुंबात समेट व्हावा’ यात नावही लागत नाही. मात्र इथे एक फसवी पळवाट आहे : नाव गाळायचे आणि ‘पलीकडच्या गल्लीतले, दोन मुली असलेले, नुकतेच बदली होऊन आलेले कुटुंब’ असे लिहायचे. खुणा इतक्या दिल्या की नाव गाळले काय न गाळले काय, सारखेच.

तिसरे, किती जणांना? नाजूक विषय दोघातिघांनी मनापासून धरला तर पुरे. दोनशे जणांच्या ग्रुपवर गेलेला निरोप परत बोलावता येत नाही. कोणीतरी त्याचा फोटो काढून ठेवलेला असतो.

आणि शेवट. विषयाला मुदत असावी. निभावलेले संकट सहा महिन्यांनी पुन्हा यादीत वाचले जाते, आणि सावरलेला माणूस पुन्हा त्याच जागी नेऊन उभा केला जातो. दर आठवड्याला यादी नवी करावी, जुनी पुसावी.

मोठ्याने केल्या जाणाऱ्या प्रार्थनेचेही बोलले पाहिजे. ‘प्रभू, तुला ठाऊक आहे, आमच्यातल्या काहींनी दशांश देणे थांबवले आहे…’ असे सुरू झाले की सगळ्या बंद डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो. हे बोलणे देवाशी नाही, शेजाऱ्याशी आहे. डोळे मिटून केलेल्या टोमण्याला उत्तर देण्याची सोय नसते, कारण ‘आमेन’ सगळ्यांनी म्हणायचे असते. घर-प्रार्थना चालवणाऱ्याने त्यानंतर त्या व्यक्तीला बाजूला घेऊन हे सांगितले पाहिजे. आम्हालाही ते प्रत्येक वेळी सोपे जात नाही.

ग्रुपवर जे फिरते त्यात चमत्काराच्या आणि छळाच्या बातम्याही असतात. दिनांक नाही, ठिकाण नाही, फोटो भलत्याच प्रसंगाचा, आणि खाली ‘दहा जणांना पाठवा’. ‘देवाच्या कामासाठीच तर आहे’ असे उत्तर मिळते. संकटांनी घेरलेल्या ईयोबाने, त्यालाच दोष देणाऱ्या आपल्या मित्रांना विचारलेला प्रश्न इथे लागू पडतो : तुम्ही देवाच्या बाजूने खोटे बोलणार काय? (ईयोब १३:७). शेजाऱ्याविरुद्धची खोटी साक्ष जितकी खोटी, तितकीच देवाच्या नावाने दिलेली खोटी साक्षही. हे घडले कुठे, केव्हा, आणि प्रत्यक्ष पाहणारा कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर निरोप आपल्यापाशीच थांबावा. छळ खरोखर सोसणाऱ्या भावाबहिणींचे सर्वांत जास्त नुकसान खोट्या बातमीने होते. एक खोटी निघाली की दहा खऱ्यांवर विश्वास बसत नाही.

परिपत्रकात आजाऱ्यांशी आणि शोकात असलेल्यांशी कसे बोलावे याचा एक शब्दही नाही, याचे आम्हाला सर्वांत वाईट वाटले. आमच्या मते देवाचा सर्वांत मोठा अनादर इथेच होतो. खाटेशी उभे राहून ‘विश्वास कमी पडतोय’, ‘कुठलेतरी कबूल न केलेले पाप असेल’, ‘देवाला तो आपल्याहून प्रिय होता म्हणून नेला’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याला दिलासाच द्यायचा असतो. पण ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ बसले तोवर बरोबर होते, तोंड उघडल्यावर चुकले. आणि शेवटी परमेश्वराचा कोप कशाबद्दल झाला ते पाहा : तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाही (ईयोब ४२:७). दुःखिताला दुखावणे ही एक गोष्ट, देवाविषयी चुकीचे बोलणे ही दुसरी, आणि त्या मित्रांकडून दोन्ही एकाच वाक्यात घडले. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी ‘पाप कोणाचे?’ विचारले तेव्हा प्रभूने याचेही नाही, आईबापांचेही नाही, असे सांगितले (योहान ९:३). लाजराच्या कबरेकडे जाताना, आता त्याला जिवंत करणार हे ठाऊक असूनही, प्रभू आधी रडला.

म्हणून भेटीला जाणाऱ्यांना आम्ही सांगतो : कारण सांगू नका. कोणाच्याही आजाराशी तुलना करू नका. ‘मी समजू शकतो’ म्हणू नका, बहुधा समजत नसते. ‘फार वाईट वाटले’ आणि ‘उद्या काय काम करून देऊ?’ एवढे बोलणे पुरते. वचन वाचायचे तर आधी विचारा आणि छोटे वाचा. विलापाची स्तोत्रे त्यासाठीच आहेत. तेरावे स्तोत्र सहा ओव्यांचे आहे आणि ‘किती वेळ?’ या आक्रोशाने सुरू होते. दहा-पंधरा मिनिटांत उठा. आजारी माणसाला पाहुणचार करायला लावू नका.

दोघांत वाद झाला तर काय करावे हे मत्तय १८:१५–१७ मध्ये पायरीपायरीने दिले आहे. आधी एकट्याने जाऊन त्याला त्याचा दोष दाखवावा. ऐकले नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जावे. मग मंडळीला सांगावे. प्रत्यक्षात पहिली पायरी गाळली जाते. नाराज माणूस आधी चार जणांशी ‘सल्लामसलत’ करतो, मग पाळकांकडे येतो, आणि ज्याच्याबद्दल सगळे चालले आहे त्याला सर्वांत शेवटी कळते. कधी पहिली पायरी मोबाइलवर उरकली जाते. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, वाचणारा स्वतःच्या रागाचा आवाज त्याला देतो, आणि गोष्ट चिघळते. समोरासमोर किंवा निदान फोनवर बोलावे. दुसऱ्या पायरीला आपल्याच गटातले दोघे नेले जातात. ते साक्षीदार राहत नाहीत, पक्षकार होतात. वडीलमंडळींनी एवढे जरी केले की, तक्रार घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा, ‘तुम्ही त्यांच्याशी बोललात का?’, तरी निम्मी कामे हलकी होतील.

पण इथे एक गोष्ट ठासून सांगतो. लहान मुलांशी गैरवर्तन, घरातली मारहाण, स्त्रियांशी दुर्वर्तन, पैशांचा अपहार याबद्दल कोणी बोलले, तर ती चहाडी नाही. मत्तय १८ दाखवून पीडित व्यक्तीला ‘आधी त्याच्याशी एकटी जाऊन बोल’ असे सांगणे हा शास्त्राचा गैरवापर आहे. जो काही करू शकतो त्याला, स्वतः पाहिलेले किंवा सोसलेले सांगणे ही खरी साक्ष आहे. जिथे कायद्याने कळवायचे तिथे ते कळवलेच पाहिजे, मग व्यक्ती कितीही मोठी असो. मंडळीच्या वडिलावरचा आरोप दोघातिघा साक्षीदारांवाचून घेऊ नये असे पौल म्हणतो खरे, पण लगेच पुढच्या ओवीत पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष देण्याचीही आज्ञा आहे (१ तीमथ्य ५:१९–२०). मागची ओवी आपल्याकडे वारंवार ऐकू येते, पुढची फारशी नाही.

माफीचेही तसेच. ‘कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा असावी’ ही माफी नव्हे, दुखावणाऱ्याने स्वतःची करून घेतलेली सुटका आहे. मी अमुक बोललो, ते खोटे होते किंवा सांगायला नको होते, मी ते मागे घेतो, असे नेमके म्हणावे. आणि जिथे बोललो तिथेच म्हणावे : ग्रुपवर लिहिले तर ग्रुपवर, बैठकीत बोललो तर बैठकीत. प्रभूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने अन्यायाने घेतलेले चौपट परत द्यायची तयारी दाखवली, नुसते वाईट वाटून घेतले नाही. ज्याची निंदा केली त्याच्या कानापर्यंत ती पोचलीच नसेल, तर आधी ऐकणाऱ्यांपाशी जाऊन दुरुस्त करावी. त्याला सांगावे की नाही हे अनुभवी माणसाच्या सल्ल्याने ठरवावे. आपले मन हलके करण्यासाठी दुसऱ्याच्या मनावर नवे ओझे टाकण्याचेही प्रकार होतात.

व्यासपीठाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण आपणांस ते ठाऊकच आहे. समुपदेशनात ऐकलेली गोष्ट, नाव बदलूनसुद्धा, उपदेशात येऊ नये. लोक ओळखतात, आणि मग कोणी कबुली द्यायला येत नाही. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल हे याकोबाने जिभेच्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत लिहिले, ते उगीच नाही. आम्हा शिक्षकांनाही ते लागू आहे. वचन पाठ न झालेल्या मुलाला वर्गासमोर हसणे हेही कुजके भाषणच.

बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या (बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात जिभेचा विषय दहा आज्ञांच्या पाठात दोन वाक्यांत संपतो. पूर्वीच्यांनी तो असा गुंडाळला नव्हता. धर्मसुधारक लूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत (प्रश्न-उत्तरांतून धर्म शिकवणाऱ्या पुस्तिकेत) खोट्या साक्षीची आज्ञा समजावताना शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे, त्याच्या प्रत्येक गोष्टीचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा, असे शिकवले. इंग्लंडमधल्या वेस्टमिन्स्टर धर्मसभेच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत (१६४७) याच आज्ञेखाली कर्तव्यांची एक लांबलचक यादी आहे आणि पापांची त्याहून लांब. प्राचीन काळचा बिशप ऑगस्टीन याने तर आपल्या जेवणाच्या मेजावरच, गैरहजर माणसाची निंदा करणाऱ्याला इथे जागा नाही, अशा अर्थाच्या ओळी लिहून घेतल्या होत्या, असे त्याचा चरित्रकार पॉसिडियस सांगतो. आपल्या परिपत्रकाला आवारापुरती हद्द आहे. ऑगस्टीनची नजर घरातल्या मेजापर्यंत गेली होती.

आमच्या मागण्या अशा :

१. अभिवादनाची सक्ती मागे घ्यावी. ज्याला मनापासून म्हणायचे तो म्हणेलच.

२. संमती, मोजका मजकूर, मोजके ऐकणारे आणि मुदत हे प्रार्थनेच्या विषयांचे नियम ग्रुपवर कायम दिसतील असे लावावेत. विषय थेट ग्रुपवर न टाकता आधी नेमलेल्या दोघांकडे, एक भाऊ आणि एक बहीण, द्यावेत. त्यांनी पाहूनच ते पुढे जावेत.

३. ठिकाण, दिनांक आणि मूळ सांगणारा नसलेली बातमी काढून टाकण्याचा अधिकार ग्रुप चालवणाऱ्यांना द्यावा. ती खोटी ठरली तर दुरुस्तीही त्याच ग्रुपवर यावी.

४. वादाच्या तक्रारी मत्तय १८ प्रमाणे घ्याव्यात. गैरवर्तनाच्या तक्रारींसाठी वेगळी, लेखी पद्धत असावी, आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याने त्या बैठकीत बसू नये. ‘चहाडी’ म्हणून अशी तक्रार फेटाळली जाणार नाही, हे परिपत्रकातच लिहावे.

५. दृढीकरणाच्या वर्गात बोलण्यावर किमान चार पाठ असावेत : देवाचे नाव आणि दिलेला शब्द, शेजाऱ्याचे नाव, दुःखिताशी बोलणे, आणि माफी. पाठ तयार करायचे काम आम्ही करू. आपण तपासून द्यावेत.

६. आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्यांसाठी वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाचे शिकवणे ठेवावे.

७. कार्यकारिणीच्या बैठकीत ‘देवाने सांगितले’ हा ठरावाच्या बाजूचा मुद्दा म्हणून नोंदवू नये. कारणे नोंदवावीत.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि त्याआधी आपले उत्तर लेखी, परिपत्रकासारखेच सगळ्यांसमोर वाचून दाखवावे. या पत्रात कोणत्या विधानाला आधार नाही असे वाटले, तर ते दाखवून द्यावे. आम्ही ते याच जागी मागे घेऊ.

आपले,
रविवारच्या शाळेचे शिक्षक आणि घर-प्रार्थनेचे सेवक